डाव्या बाजूचे खांब

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार आधी घे, ओरडायचं ते नंतर ओरड. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू "बरं, बरं, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस आणि या वेळी मला तुझ्याकडून बरंच काही काढून घ्यायचंय. म्हणून कागद.

बातमी अशी, की तुझं बसस्थानक पाडून नवं बांधायचंय आणि ते काम आमच्या ऑफिसला मिळालंय. मोठ्या साहेबांनी आराखडा माझ्यावर सोपवलाय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास काढत बसले होते, आता पहिल्यांदा अख्खी इमारत माझी. तीसुद्धा कुठली, तर जिथे तू रोज गाडी लावतोस ती. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, खरंच.

माझा हट्ट एकच आहे. या स्थानकात कुठलीही गाडी मागे घ्यावी लागता कामा नये. गेल्या वर्षी त्या पिशवीवाल्या आजोबांचं काय झालं, ते तूच मला सांगितलं होतंस. कंडक्टर मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" करत होता आणि आजोबा त्याच्या पाठीमागून निघाले. गाडी तुझी नव्हती, तरी त्यानंतर तू आठवडाभर कुणाशी धड बोलत नव्हतास. म्हणून मी करवतीच्या दातांसारखे तिरके फलाट काढलेत. गाडी पुढून येईल, डावीकडे फलाटाला लागेल आणि पुढूनच निघून जाईल.

कच्चा नकाशा सोबत आहे. ड्रायव्हर म्हणून बघ. भाऊ म्हणून बघू नकोस, नाहीतर उगाच "छान आहे" म्हणशील.

तुझी,
टिंगू

---

१५ फेब्रुवारी

टिंगू,

एवढं जाड पाकीट बघून तुझ्या वहिनीला वाटलं, कोर्टाची नोटीस आली. मी म्हटलं, त्याहून वाईट आहे, बहिणीचं पत्र आहे.

चाळिशी उलटली तरी टिंगू म्हणून सही करतेस, ऑफिसात कळलं तर कोण भीक घालणार तुला? असो. नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरून चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि बघितला. छान आहे, असं म्हणणार नव्हतो, पण आहे. गाडी मागे घ्यायची नाही, हे तू एक काम शहाण्यासारखं केलंस.

आता ऐक. फलाटाच्या कडेला तू जे खांब दिलेस, ते सगळे गाडीच्या डाव्या अंगाला येतात. ते तिथे नकोत, मागे सरकव. ड्रायव्हर बसतो उजवीकडे. डावं वळण घेताना मागचं चाक आत कापत जातं, ते त्याला आरशातच बघावं लागतं. तेव्हा आत येण्याचा रस्ताही उलटा फिरव. सगळी वळणं उजवीकडची ठेव, म्हणजे जे काही सांभाळायचं ते ड्रायव्हरच्या खिडकीखाली येतं.

आणखी एक. फलाट येण्याआधी जमिनीत खरबरीत पट्टी बसव, चाक तिच्यावर गेलं की गाडी थरथरली पाहिजे. कुठे आलो ते डोळ्याला नंतर कळलं तरी चालेल, चाकाला आधी कळलं पाहिजे. समोरच्या भिंतीवर मोठा आरसाही लाव, डावीकडचं दाखवणारा.

एवढं केलंस तर तुझ्या स्थानकात मी निवृत्त होईपर्यंत सुखाने गाडी लावीन. दोनच वर्षं राहिलीत. त्यानंतर पाड नाहीतर काही कर.

वहिनी विचारते, येणार कधी? तुझी गादी उन्हात घालून ठेवलीय म्हणे.

दादा

---

२ मार्च

दादा,

तुझ्या त्या पानभर पत्राने इकडे काय धुमाकूळ घातलाय, तुला कल्पना नाही. कालच्या बैठकीत मी सगळं मांडलं. उजवी वळणं, आरसा, चाकाला कळणारी पट्टी. वाहतूक मंडळाचे अधीक्षक एरवी बैठकीत डोळे मिटून बसतात, ते चक्क पुढे सरकून बसले. "हे कुणी सुचवलं?" मी म्हटलं, माझा भाऊ गाडी चालवतो. मोठे साहेब म्हणाले, "आपण पुस्तकं वाचतो हो, पण हातात चाक धरलेल्या माणसाची गोष्टच वेगळी." मला इतका अभिमान वाटला, की घरी येताना रिक्षावाल्यालासुद्धा तुझी हकिकत सांगितली. त्याने ऐकूनही घेतली, सिग्नल मोठा होता.

रस्ता तू म्हणालास तसा फिरवला. खांब मात्र सगळे काही मागे नेता आले नाहीत. छताचा भार कुठेतरी उतरायलाच हवा. आत शिरतानाचे तीन खांब डाव्या बाजूला राहिलेत. हिशेबाने जागा पुरेशी आहे, पण अधीक्षकांना कागदावर भरवसा नाही. म्हणून त्यांनी ठरवलंय, तुमच्या डेपोमागच्या मोकळ्या मैदानात चुन्याच्या फक्कीने सगळा नकाशा खऱ्या मापात आखायचा, खांबांच्या जागी रिकामी पिंपं ठेवायची आणि खरी गाडी फिरवून बघायची.

गाडी कोण चालवणार, असं विचारलं तेव्हा मी तुझं नाव दिलं. त्यांनी लगेच होकार दिला. अरे, एवढ्या वर्षांत एकही अपघात नसलेला माणूस आणखी कुठे मिळणार?

मी येतेय. गादी उन्हात राहू दे म्हणावं.

टिंगू

---

१० मार्च

टिंगू,

मला न विचारता नाव कशाला दिलंस? ड्रायव्हरची बहीण आराखडा करणार आणि ड्रायव्हरच तो पास करणार, लोक काय म्हणतील? आमच्याकडे लंबू म्हणून एक पोरगा आहे. पोरगा म्हणजे पस्तिशीचा, पण माझ्या हाताखाली शिकला. उंच आहे, हात चांगला आहे. त्याला घे.

शिवाय उन्हाळा आहे. मैदानावर फक्कीचा पांढरा चमकारा डोळ्यांवर येतो. मला हल्ली उन्हाचा त्रास होतो, वय झालं. आणि त्या दिवशी माझी लांबची फेरी असेल बहुतेक.

तीन खांब ठेवलेसच का? मी सांगितलं होतं.

दादा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात डेपो मॅनेजरने बोलावून सांगितलं, की अधीक्षकांनी माझंच नाव पक्कं केलंय. आता नाही म्हटलं तर का नाही, हे सांगावं लागेल. तेव्हा येतो. सकाळची वेळ ठेव.

---

२६ मार्च

दादा,

चाचणीनंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. गाडीतून उतरलास, टोपी घातलीस आणि सरळ ड्युटीवर गेलास. रात्री घरी आलास तोवर माझी परतीची गाडी सुटली होती. म्हणून पुन्हा कागद.

तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा पिंप आडवं झालं. अधीक्षकांनी तिथेच सांगून टाकलं, "एवढ्या मुरलेल्या ड्रायव्हरला जमत नाही म्हणजे नकाशातच खोट आहे." पुढच्या महिनाअखेरीला बैठक आहे, तीत माझा आराखडा बाद होईल आणि गाड्या मागे घेण्याचा जुनाच प्रकार नव्या सिमेंटात बांधला जाईल. काल मोठ्या साहेबांकडून माझ्या टेबलावर एका शाळेच्या जिन्याचा नकाशा येऊन पडलाय.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मी मैदानावरून परत आल्यावर मापं पुन्हा घेतली. चाकांचे ठसे फक्कीत स्पष्ट उमटले होते. उजवीकडे तू रेषेला धरून इतका नेमका गेलायस, की पट्टीने आखावं. डावीकडे मात्र रेषा होती की नव्हती, असं वाटतं. मग मी तुझं फेब्रुवारीतलं पत्र काढलं. डावीकडचे खांब काढ. डावी वळणं नकोत. डावीकडचं दाखवणारा आरसा. डोळ्याला नंतर कळलं तरी चालेल.

दादा, तुझ्या डाव्या डोळ्याला काय झालंय?

मी मूर्ख. मला वाटलं, माझा भाऊ मला बसस्थानक शिकवतोय.

बाकी मी ठीक आहे. मैदानावर फक्कीच्या पोत्याला अडखळून पडले, गुडघा जरा खरचटला. वहिनीने हळद लावली तेव्हा तू घरात नव्हतास.

टिंगू

---

२ एप्रिल

टिंगू,

माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही. दरवर्षी डेपोत तक्ता वाचायला लावतात, शेवटची ओळसुद्धा मी न अडखळता वाचतो. एक डोळा झाकून वाचतो, दुसरा झाकून वाचतो. विचार कुणालाही.

नकाशा चुकला तर चुकला म्हण. माणसाने मान्य करावं. स्वतःची चूक भावाच्या डोळ्यात ढकलायची, हे तुला कुणी शिकवलं? मी गाडीवर बसलो तेव्हा तू शाळेत जात होतीस आणि बसच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, हेही मीच तुला शिकवलं.

यापुढे स्थानकाबद्दल मला काही विचारू नकोस.

दादा

---

९ एप्रिल

टिंगूताई,

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. फोन केला असता, पण घरात हे असतात आणि बाहेर शेजारीण असते. तुम्ही मला चिठ्ठीत विचारलंत, "वहिनी, दादा घरात कुठे धडकतो का?" ते वाचल्यापासून मनाला घोर लागलाय.

धडकतात. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागतो. ताटात डावीकडचं मीठ त्यांना वाढलेलं दिसत नाही, मला म्हणतात, "विसरलीस." मी हल्ली सगळं उजवीकडेच वाढते. आणि एक सांगू? रस्त्याने चालताना मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला चालते. कधीपासून, ते मलाच सांगता येत नाही. सवय झाली. कुणी सायकलवाला आला की मी त्यांचा दंड धरते आणि ते म्हणतात, "घाबरट कुठली."

फ्रिजमध्ये डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते. धुळीसाठी आहे म्हणतात. परवा मी ती औषधाच्या दुकानात नेऊन दाखवली. तो म्हणाला, काचबिंदूचं औषध आहे. समोरचं दिसत राहतं, पण कडेचं हळूहळू जातं आणि गेलेलं परत येत नाही. माणसाला स्वतःलाही पटकन कळत नाही म्हणे. मला तिथे खुर्ची मागून घ्यावी लागली.

मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. टिंगूताई, हा माणूस सुट्टीच्या दिवशीसुद्धा डेपोत जाऊन गाडीला हात लावून येतो. चाक काढून घेतलं तर काय करील? पण रोज सकाळी डबा दिला की आता ते वळणाआड जाईपर्यंत मी दारात उभी राहते. तुमचंच ऐकतील तर ऐकतील. मी लिहिलंय हे सांगू नका, नाहीतर सांगा. मला आता काही कळत नाही.

वहिनी

---

१४ एप्रिल

दादा,

स्थानकाबद्दल विचारू नकोस म्हणालास, विचारत नाही.

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. पहिल्यात तुझ्यावर चिडले होते, दुसऱ्यात रडले होते, बाकीच्या दोन्हींत शहाणपण होतं. आता सरळ लिहिते.

तुला काचबिंदू आहे आणि तो तुला माहीत आहे. तक्ता तू खरंच वाचतोस, त्यात तू खोटं बोलला नाहीस. तक्ता समोर असतो. माणसं कडेने येतात. दार डावीकडे असतं दादा. चढणारे, उतरणारे, म्हातारे, पोराला कडेवर घेतलेल्या बाया, सगळे डावीकडे असतात.

माझा आराखडा जाऊ दे. बैठकीत मी तुझ्या डोळ्याचा शब्द काढणार नाही. नकाशा वाचवायला भावाला विकला, असं मला स्वतःला ऐकायचं नाही. मी शाळेचे जिने काढीन, मला सवय आहे. पण तुझी गाडी मी जाऊ देणार नाही. बैठकीच्या आदल्या दिवसापर्यंत तू डेपो मॅनेजरला स्वतः सांगितलं नाहीस, तर मी येऊन सांगेन. तू माझ्याशी आयुष्यभर बोलला नाहीस तरी सांगेन.

त्या आजोबांनंतर तू मला काय म्हणाला होतास, आठवतं? "टिंगू, त्या ड्रायव्हरची काही चूक नव्हती, त्याला दिसलंच नाही." मी तेव्हा तुझ्याबरोबर रडले होते. आता तुझ्याबाबतीत मला हे असं म्हणता येणार नाही. तुला माहीत आहे, की तुला दिसत नाही.

मला तुझा राग येत नाहीये. मला तुझी भीती वाटतेय, आणि भावाची भीती वाटणं किती वाईट असतं ते मला आता कळलं.

टिंगू

---

२९ एप्रिल

टिंगू,

तुझं पत्र मी खिशात घेऊन हिंडत होतो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, येऊ दे हिला, बघतो. दोन वर्षं तर राहिलीत, मान वळवून वळवून काढीन, एवढे दिवस काढलेच ना. डॉक्टरने मला गेल्या वर्षीच सांगितलं होतं, गाडी सोडा. मी डॉक्टर सोडला. थेंब तेवढे चालू ठेवले.

मग एक दिवस डेपोत चहा पिताना लंबूच्या समोर मी तुझ्या नकाशाला नावं ठेवत होतो. जरा जास्तच बोललो असेन. तो पोरगा माझ्यासमोर कधी मान वर करत नाही. त्या दिवशी कप खाली ठेवला आणि म्हणाला, "दादा, ताईंनी कुणालाही सांगू नका म्हटलं होतं, पण आता सांगतो. तिसऱ्या फेरीला ताई पिंपापाशी उभ्या होत्या. टेप घेऊन अंतर बघत होत्या. मी हात धरून ओढलं म्हणून पडल्या, नाहीतर पिंपाबरोबर त्या गेल्या असत्या."

पोत्याला अडखळले म्हणे.

मी तुला पाहिलं नाही, टिंगू. पिंप पडल्याचा आवाज ऐकला, चरफडलो, गाडी पुढे नेऊन थांबवली आणि तुझ्या नकाशाला शिवी दिली. तुझ्या ओढणीचा रंग पिवळा होता, लंबूने सांगितलं. भर सकाळी, पिवळ्या ओढणीतली माझी बहीण, माझ्या दारापासून हाताच्या अंतरावर, आणि माझ्यासाठी तिथे कुणीच नव्हतं. हे ऐकून मी तिथेच बाकावर बसून रडलो. कॅन्टीनमधले सगळे दुसरीकडे बघत राहिले, चांगली माणसं आहेत.

त्याच दुपारी मॅनेजरकडे गेलो. माझी फेरी उभी होती, ती लंबूने नेली. डेपोने मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात. आत ठिपके चमकतात, ठिपका दिसला की बटण दाबायचं. डावा डोळा लावला तेव्हा मी बटणावर अंगठा ठेवून तयारीत बसलो होतो. कधी सुरू करताय, म्हणून विचारणारच होतो, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "झालं काका." तुझी वहिनी शेजारी होती. तिने माझा दंड धरला, डावाच.

गाडी गेली. टोपी आणि बिल्ला जमा केला. आता कंट्रोल केबिनमध्ये बसवलंय, कुठली गाडी कुठल्या फलाटाला ते सांगायचं काम आहे. पहिल्या दिवशी मन लागलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. पुढचं माहीत नाही. वहिनी डब्यात रोज काहीतरी गोड देते, जसा काही मी आजारातून उठलोय.

तुझ्या अधीक्षकांना मीच फोन केला. म्हटलं, खोट नकाशात नव्हती साहेब, ड्रायव्हरमध्ये होती. काल मैदानावर पुन्हा फक्की मारली. लंबूने गाडी फिरवली. तिसऱ्या पिंपाच्या जागी पिंप ठेवू दिलं नाही, मी स्वतः उभा राहिलो. मॅनेजर ओरडला, वहिनीला कळलं तर ती काय करील कोण जाणे. पण तू ज्या जागी उभी होतीस, तिथे मला उभं राहायचंच होतं. गाडी आली. केवढी मोठी असते गं बाहेरून. इतकी वर्षं चालवली, पण अशी कधी अंगावर आलेली बघितली नव्हती. लंबूने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं आणि तो शर्टाला वारासुद्धा न लावता गेला. सगळ्या फेऱ्या झाल्या, सगळी पिंपं उभी. अधीक्षक म्हणाले, आराखडा आहे तसा राहू द्या. उद्याच्या बैठकीत ते स्वतः बोलणार आहेत.

माझ्या डोळ्यासाठी मी तुझ्याकडून जे जे करवून घेतलं, ते मात्र एकदा लंबूसारख्या माणसाबरोबर बसून तपास. स्थानक त्याला वापरायचंय.

रविवारी तुझ्याकडे येतो, दोघंही. बसनेच येतो, तिकीट काढून, मागच्या बाकावर बसून. उतरवून घ्यायला ये. गाडीतून उतरलो की तू माझ्या उजव्या हाताला उभी राहा, टिंगू. मला तू दिसायला हवीस.

दादा